कुणाच्या जिभेला सोपी?

भाषा घडवायला बसलेल्या माणसाला शब्द सुचण्याआधी ध्वनी निवडावे लागतात. कोणते घ्यायचे, कोणते सोडायचे, कोणती व्यंजनं एकमेकांना चिकटू द्यायची, आघात कुठे द्यायचा. गेल्या दीडशे वर्षांत ज्यांनी सगळ्या जगासाठी म्हणून भाषा रचली, त्या बहुतेकांनी ती उच्चाराला सोपी असल्याचं सांगितलं. माझं म्हणणं असं, की सोपेपणाची ही मोजपट्टी दरवेळी कुणातरी एकाच्या तोंडात तयार झालेली असते, आणि ते तोंड कुणाचं हे त्या भाषेच्या ध्वनींवरून ओळखू येतं.

योहान मार्टिन श्लायर हे जर्मनीतल्या बाडेनमधले कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १८७९-८० मध्ये व्होलाप्युक ही भाषा पुढे आणली. चिनी लोकांना 'र' जड जातो, या विचाराने त्यांनी 'र' जवळजवळ हद्दपार केला. त्यापायी युरोपचं झालं 'यूलोप' आणि अमेरिकेचं 'मेलोप'. दूरच्या माणसाची इतकी काळजी घेणाऱ्या या गृहस्थांनी ओठांचा चंबू करून काढायचे जर्मन स्वर मात्र जसेच्या तसे ठेवले. ते जगातल्या कितीतरी लोकांना 'र'पेक्षाही अवघड जातात, पण श्लायर यांच्या कानाला ते घरचे होते. १८८९ सालच्या पॅरिसच्या अधिवेशनात कामकाज व्होलाप्युकमध्ये चाललं आणि त्यानंतर थोड्याच काळात सुधारणांच्या भांडणात चळवळ मोडली. १९३१ मध्ये डच डॉक्टर आरी द योंग यांनी भाषेची फेररचना केली आणि 'र' परत आणला.

एस्पेरांतोची गोष्ट अधिक खोल आहे, कारण ही भाषा खरोखर बोलली गेली आणि आजही बोलली जाते. तिचे कर्ते लुडविक झामेनहॉफ १८५९ साली बियालिस्तोकमध्ये जन्मले. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. रशियन, पोलिश, यिडिश, जर्मन, बेलारुसी अशा भाषा तिथल्या रस्त्यावर ऐकू येत. पुढे ते नेत्रवैद्य झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी वॉर्सात आपलं पहिलं छोटं पुस्तक छापलं. त्यात २८ अक्षरं होती, पाच स्वर आणि तेवीस व्यंजनं. एका अक्षराचा एकच उच्चार, आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर, आणि जसं लिहिलं तसं वाचायचं. व्याकरणाचे सोळा नियम आहेत, त्यांतला एक पूर्ण नियम या शेवटच्या गोष्टीसाठी राखून ठेवलाय.

हा नियम उदार आहे. स्वरांची निवडही उदार आहे: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. अडतं ते व्यंजनांत. 'जाणणं' याला एस्पेरांतोत 'स्त्सीई' म्हणतात, आणि 'कळून येणं' याला 'एक्स्त्सीई'. क, स, त, स असा गुंता पोलिश माणूस सहज सोडवतो. जपानी माणूस तिथे थबकतो, कारण त्याच्या भाषेत व्यंजनामागे बहुधा स्वर लागतो. शिवाय 'रानो' म्हणजे बेडूक आणि 'लानो' म्हणजे लोकर, हा फरक त्याला शिकावाच लागतो. तरीही ओमोतो या जपानी धर्मपंथाने १९२०च्या दशकात एस्पेरांतो आपलीशी केली. उच्चाराची अडचण माणसाला अडवते ती एका मर्यादेपर्यंतच.

सहा अक्षरांवर खुणा आहेत, पाचांवर टोपी आणि एकावर अर्धचंद्र. या खुणांवरून जितके वाद झाले तितके व्याकरणावरूनही क्वचितच झाले असतील. खुद्द झामेनहॉफ यांनी १८९४ मध्ये टोपीवाली अक्षरं काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. एस्पेरांतोच्या नियतकालिकाच्या वर्गणीदारांनी मतदान करून तो फेटाळला. पुढे १९०७ मध्ये इदो ही सुधारलेली भाषा टोप्या काढून आली, पण मूळ भाषेची जागा तिला घेता आली नाही.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो टोपीवाल्या 'ह'चा इतिहास. त्याचा उच्चार उर्दूतल्या 'ख़'सारखा घशातून. स्लाव माणसाला तो रोजचा, अनेकांना त्रासाचा. बोलणाऱ्यांनी तो हळूहळू टाकायला सुरुवात केली, आणि 'ख़ेमिओ' म्हणजे रसायनशास्त्र 'केमिओ' झालं. पण प्रत्येक ठिकाणी 'क' घालून चालेना. 'ख़ोरो' म्हणजे समूहगान. त्याचं 'कोरो' करावं तर 'कोरो' म्हणजे हृदय. मग 'कोरुसो' असा नवा शब्द रूढ झाला. 'एख़ो' म्हणजे प्रतिध्वनी, तो टिकला, कारण 'एको' म्हणजे आरंभ. कुठल्या समितीने हे बसून ठरवलं नाही. लोक बोलत गेले, जिथे अर्थ बिघडत नव्हता तिथे त्यांनी घशाचा ध्वनी सोडला आणि जिथे बिघडत होता तिथे सांभाळला. एकट्याने टेबलावर रचलेली भाषा इथे जिवंत भाषेसारखी वागली.

कॅनडाच्या सोन्या लँग यांनी २००१ मध्ये तोकी पोना आणली तेव्हा त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तीत अक्षरं चौदाच, नऊ व्यंजनं आणि पाच स्वर. 'प' आणि 'ब' यांत भेद नाही, 'र' नाही, जोडाक्षर नाही. 'ती' हे अक्षर वर्ज्य आहे, कारण अनेकांच्या तोंडात त्याचं 'ची' होतं. इतकी काटछाट केल्यावर उच्चार खरंच बहुतेकांच्या आवाक्यात येतो. किंमत विशेषनामं मोजतात. तोकी पोनात भारताचं नाव 'पालाता' आहे. 'भ'चा 'प' झाला, 'र'चा 'ल' झाला, शेवटच्या 'त'ला स्वर चिकटला. श्लायर यांच्या 'यूलोप'नंतर सव्वाशे वर्षांनी 'र' पुन्हा एकदा बळी गेला.

चित्रपटांसाठी घडवलेल्या भाषांत हेतूच उलटा असतो. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांनी १९८४च्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी क्लिंगॉन रचली, ती परकी वाटावी म्हणून. तीत 'ड' मूर्धन्य आहे, पण त्याच्या जोडीचा 'ट' मुद्दाम ठेवलेला नाही. जगातल्या भाषांत असे ध्वनी सहसा जोडीने येतात, ती जोडी त्यांनी ठरवून मोडली. अमेरिकी कानाला परग्रहावरचा वाटावा म्हणून निवडलेला तो 'ड' आपण डोळा, डोंगर, डबा म्हणताना दिवसभर उच्चारतो. मदन कार्की यांनी 'बाहुबली'साठी केलेल्या किलिकीत जीभ आपटून काढायचे आवाज आहेत. हळहळताना आपण चुकचुकतो त्याच जातीचे ते.

मराठी माणसाने एस्पेरांतो शिकायला घेतली तर काय होतं, हे तपासून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडची शिकवणी बहुधा इंग्रजीतून चालते, आणि इंग्रजीतून आलं की 'त'चा 'ट' होतो. म्हणून 'एस्पेरांटो' हे नाव रुळलं. झामेनहॉफ यांच्या तोंडचा तो ध्वनी आपल्या दंत्य 'त'जवळचा होता. ए आणि ओ हे शुद्ध स्वर इंग्रज विद्यार्थ्याला घोटून घ्यावे लागतात, आपल्याला आयते मिळतात. 'च'चे दोन उच्चारही आपल्याकडे आहेतच: 'गुरं चार' म्हणताना एक, 'चार गुरं' म्हणताना दुसरा. एस्पेरांतो या दोघांना दोन वेगळी अक्षरं देते, टोपी नसलेलं आणि टोपीवालं. त्यामुळे झारचा 'च़ारो' आणि गाड्याचा 'चारो' मराठी माणूस विनासायास वेगळे म्हणतो.

पण तो घसरतो 'इ' आणि 'ए'पाशी. मराठीत 'त्याचा' म्हणताना जीभ दातांमागे असते आणि 'त्याची' म्हणताना टाळूकडे सरकते. ही सवय इतकी मुरलेली आहे की 'च़ेलो' म्हणजे ध्येय म्हणायला गेलं की तोंडातून 'चेलो' येतं, आणि 'चेलो' म्हणजे पेशी. शंभरासाठी 'च़ेन्त', वर्तुळासाठी 'च़िर्क्लो', शांततेने या अर्थी 'पाच़े', सगळीकडे हाच धोका. यावर सराव एकच: 'चाक' म्हणायला जीभ जिथे ठेवतो तिथेच ती रोखून पुढे 'ए' काढायचा. दुसरी अडचण 'प्लेझर'मधल्या ध्वनीची. आपण त्याचा सरळ 'ज' करतो, आणि मग 'वस्तू' या अर्थाचा शब्द 'वय' होऊन बसतो. तिसरी 'व'ची. आपला 'व' ओठांच्या जवळिकीने येतो, एस्पेरांतोचा 'व' वरचे दात खालच्या ओठाला टेकवून घासत काढायचा असतो.