पेव : जमिनीखालचे कोठार

‘अमक्याचे पेव फुटले’ असे आपण सहज म्हणतो. पण खरे पेव तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेली खोली. तिचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढेच. आत मात्र ती चांगली रुंद असते. तळाशी व कडेने वाळलेल्या गवताचा जाड थर देऊन आत ज्वारी भरतात. मग तोंड दगडाने झाकून, वर माती घालून लिंपले, की तेथे कोठार आहे अशी कोणाला शंकाही येऊ नये! आग, चोर आणि उंदीर, तिघांपासूनही माल सुरक्षित. सांगलीजवळचे हरिपूर तर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्धच आहे.

पेव कोठेही खणून चालत नाही. जमीन घट्ट हवी आणि पाणी झिरपता कामा नये. पनवेलजवळच्या ओवे गावाचा विचार करा. तेथे कोकणातला धो धो पाऊस. पावसाळ्यात पूर्वी भाताची खाचरे तुडुंब भरत. अशा जागी खड्ड्यातले धान्य कुजूनच जाईल. म्हणून कोकणात भात ठेवायला शेणाने सारवलेली बांबूची कणगी आली. हरिपूरची जमीन पेवांना मानवली खरी. पण 2005 च्या महापुरात तेथील बरीच पेवे खराब झाली.

किडे का मरतात?

धान्याचा दाणा सजीव असतो. तो, त्यातील किडे आणि बुरशी हे सारे श्वसन करतात. हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो. बंद पेवात तो हळूहळू संपत जातो व कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. शेवटी किडे गुदमरून मरतात आणि कोरडे धान्य टिकते.

पण जी हवा किड्यांना मारते, ती माणसाला कशी सोडेल? कार्बन डाय-ऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचून राहतो. त्याला रंगही नाही. म्हणून पेव उघडल्यावर जाणती माणसे ते बराच वेळ उघडे ठेवतात आणि आधी पेटता कंदील आत सोडून पाहतात. कंदील विझला, तर उतरायचे नाही. मात्र तो जळत राहिला म्हणजे धोका टळलाच, असेही नाही. आत कोणी बेशुद्ध पडले, तर त्याच्यामागे उडी घेणाराही प्राणास मुकतो. जुना आड असो वा टाकी, हा नियम विसरू नका.

करून पाहा

एका बरणीत मोड आलेले मूग अर्धी बरणी भरून ठेवा. दुसरी रिकामीच असू द्या. दोन्हींची झाकणे घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येकीत पेटती काडी सोडा. मुगांच्या बरणीत ती चटकन विझेल.

आता सांगा, मोड आलेल्या मुगांऐवजी कोरडे मूग घेतले तर काय होईल? आधी अंदाज वहीत लिहा, मगच प्रयोग करा!