यंत्राचा सल्ला आणि डॉक्टरांची सही

पेडणे व डिचोली तालुक्यांतील आमचे व्यापारी बंधू सकाळी दुकान उघडतात ते रात्री रोजमेळ मिटवूनच घरी परततात. प्रकृतीच्या तक्रारींची आठवण त्यांस होते ती त्यानंतर, दवाखाना बंद झाल्यावर. पूर्वी अशा वेळी शेजारच्या जाणत्या माणसास विचारीत, आता खिशातील फोनला विचारतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले, पाठोपाठ तशीच इतर संवादयंत्रे आली आणि ती मराठीतही बोलू लागली. उत्तर तत्काळ, मोफत आणि मोठ्या अदबीने मिळते. मग विचारणाऱ्यास दोष कसा द्यावा?

गेल्या पर्युषणात आमच्या घरी घडलेला प्रसंग सांगतो. काकींना मधुमेह असून त्यांनी उपवास धरला होता. पुतण्याने अशाच एका यंत्रास (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) विचारले की, उपवासात साखरेची गोळी घ्यावी काय? औषध परस्पर बंद करू नये आणि पाणी भरपूर प्यावे, असे उत्तर आले. सर्वसाधारणपणे ते चुकीचे नव्हते. परंतु गोळी कोणती, हे यंत्राने विचारले नाही आणि पुतण्यानेही सांगितले नाही. काकींची गोळी ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावते. पोटात अन्न नसेल तर रक्तातील साखर घसरत जाते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. दुपारी काकींना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. साखर ५२ भरली. ग्लुकोजचे पाणी पाजल्यावर त्या सावरल्या. उपवास मोडल्याचे दुःख त्यांना देहकष्टांपेक्षा अधिक झाले, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

यावरून यंत्र त्याज्य ठरवावे, असे मात्र आम्हास वाटत नाही. पेढीवर मुनीम पत्राचा मसुदा करतो, पण शेठजींनी वाचून सही केल्यावाचून ते टपालात पडत नाही. कायद्याची दृष्टीही हीच आहे. २५ मार्च २०२० रोजी भारत सरकारने दूरवैद्यकाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेने रुग्णास सल्ला देऊ नये व औषधही लिहून देऊ नये. नोंदणीकृत डॉक्टरांस ती साहाय्य करू शकते. अखेरचा सल्ला डॉक्टरांनी स्वतः रुग्णास द्यावयाचा.

अशी जोडी उत्तम काम करते, याचे उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठी ‘स्टेमी गोवा’ ही योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. छातीत कळ आलेल्या रुग्णाचा ईसीजी गावाकडील आरोग्य केंद्रातच काढतात. तो तारांवाचून बंगळुरास ट्रायकॉग या संस्थेकडे जातो. तेथे प्रथम संगणक तो वाचतो, मग डॉक्टर त्यावर नजर फिरवतात आणि काही मिनिटांत निदान परत येते. रक्तवाहिनी तुंबलेली असेल तर गाठ विरघळविणारे इंजेक्शन तेथेच देतात आणि मग रुग्णवाहिका बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरते. हृदयाच्या स्नायूस रक्त मिळाले नाही तर तो घटकाघटकाने मरत जातो. पेडण्याचा रुग्ण शापोरा नदी ओलांडून, म्हापसा व पणजी मागे टाकून बांबोळीस पोहोचेपर्यंत उपचाराविना राहिला, तर जी हानी होते ती पुढे भरून निघत नाही.

घरच्या फोनमागे मात्र असा डॉक्टर बसलेला नसतो. शिवाय आमची भाषा! ‘पित्त झाले’ म्हणजे आम्लपित्त. ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावरच्या गांध्या. आणि मधुमेही माणूस ज्यास ‘पित्त’ म्हणून सोडा पितो, तो कित्येकदा हृदयविकारच असतो. तापाचेही तसेच. डिचोलीस लागून असलेल्या सत्तरीत २०१५ पासून, आणि सीमेपलीकडे दोडामार्गात २०१६ पासून, माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याचा जोर नेमका काजूच्या हंगामात असतो. काजूचे खरेदीदार आमच्यात थोडे नाहीत. ‘हल्ली बागायतीत गेला होता काय?’ हा प्रश्न स्थानिक डॉक्टर पहिल्या झटक्यास विचारतात. यंत्रास तो सुचेलच, याची हमी नाही. माकडताप किंवा डेंगी असताना अंगदुखीवर ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, तोही वेगळाच.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी प्रश्नांची यादी करणे, तपासणीच्या अहवालातील शब्दांचा अर्थ समजून घेणे, यासाठी यंत्र आम्हीही वापरतो आणि डॉक्टर त्यावर रागावत नाहीत. छातीत दाब, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे, अशा वेळी मात्र आमच्या घरी फोनवर एकच आकडा दाबावयाचा असे ठरले आहे: १०८.

काकी यंदाही उपवास करणार आहेत. पुतण्याने यंत्राकडून प्रश्नांचे एक टिपण करून घेतले. त्यात गोळ्यांची नावे, वेळा आणि सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असल्याचा उल्लेख होता. डॉक्टरांनी ते वाचले, एक गोळी खोडली, दुसरीची वेळ बदलली, साखर किती उतरल्यास उपवास सोडावयाचा तो आकडा लिहिला आणि खाली सही केली. तो कागद सध्या देवघराशेजारच्या कपाटावर चिकटविलेला आहे. त्या आकड्यावरून काकींची डॉक्टरांशी घासाघीस अद्याप चालू आहे.