विवेकाचे सारथ्य : हुआन मान्वेल फांजिओच्या कारकीर्दीचा मागोवा

जागतिक मोटारशर्यतींचा १९५० ते १९५८ हा कालखंड जितका तेजस्वी तितकाच निष्ठुर होता. कमरेला पट्टा न बांधता, उघड्या गाडीत बसून, झाडे, घरे आणि गवताच्या पेंढ्या यांच्या मधून ताशी अडीचशे किलोमीटरांच्या वेगाने धावणाऱ्या त्या चालकांपैकी कोणी ना कोणी दर हंगामात प्राणांस मुके, आणि हा जणू त्या पेशाचा ठरलेला सारा आहे असे मानून उरलेले पुन्हा आरंभरेषेवर रुजू होत. अशा काळात पाच वेळा जगज्जेतेपद मिळवून जो स्वतःच्या निर्णयाने आणि सहीसलामत बाहेर पडला, त्या अर्जेंटिनाच्या हुआन मान्वेल फांजिओच्या कारकीर्दीचा मागोवा घेताना त्याच्या वेगाहूनही त्याच्या विवेकाचे महत्त्व मनावर अधिक ठसते. हा विवेक त्याला कोठे लाभला आणि त्याने तो कसा राखला, हे पाहण्याजोगे आहे.

२४ जून १९११ रोजी बाल्कार्से या लहानशा गावी, इटलीहून स्थलांतर करून आलेल्या एका कष्टकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. शाळा लवकरच सुटली आणि कोवळ्या वयात तो मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. फुटबॉल खेळताना त्याचे फेंगडे पाय मित्रांच्या नजरेत भरले आणि ‘एल चुएको’, म्हणजे फेंगड्या, हे टोपणनाव त्याला जन्मभर चिकटले. पुढे त्याने स्वतःचे गॅरेज थाटले आणि १९३६ साली भाड्याने चालणारी एक फोर्ड गाडी घेऊन तो पहिल्या शर्यतीत उतरला.

त्या काळच्या दक्षिण अमेरिकेतील शर्यती म्हणजे खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या मोहिमाच असत. १९४० मध्ये ब्वेनोस आयरेसहून पेरूची राजधानी लिमा आणि तेथून परत, अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरांची शर्यत त्याने शेव्हरोले गाडीने जिंकली. अँडीज पर्वतातील विरळ हवा, धूळ, चिखल आणि खडक यांच्याशी झुंजत दिवसा गाडी हाकायची आणि मुक्कामाला पोहोचल्यावर तीच गाडी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची, असा तो क्रम होता. ज्याला रात्री यंत्राच्या जखमा बांधाव्या लागतात तो दिवसा त्याला उगाच जखमा करीत नाही. फांजिओच्या साऱ्या सारथ्याचे मर्म, माझ्या मते, या एका अनुभवात साठवलेले आहे. १९४० आणि १९४१ अशी दोन्ही वर्षे तो राष्ट्रीय विजेता ठरला. पण पाठोपाठ महायुद्धाच्या टंचाईने शर्यती बंद पडल्या आणि उमेदीची काही वर्षे वाया गेली. १९४८ मध्ये ब्वेनोस आयरेस ते काराकास या शर्यतीत पेरूमध्ये त्याची गाडी कोसळली आणि त्याचा सहचालक दानिएल उरुतिया मरण पावला. या दुःखाने तो पुरता खचला होता. तरीही पुढल्या वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, देशातील मोटार क्लबाच्या पाठबळाने तो युरोपात गेला आणि एकाच हंगामात सहा विजय मिळवून त्याने तेथील जाणकारांना थक्क केले.

१९५० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली तेव्हा तो आल्फा रोमिओच्या पथकात होता. मोनॅकोच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत एका वळणापलीकडे अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. आघाडीवर असलेला फांजिओ दुसऱ्या फेरीत तेथे येत असताना, प्रेक्षकांचे चेहरे आपल्याकडे न वळता दुसरीकडेच लागले आहेत हे त्याच्या ध्यानी आले आणि त्याने वेळीच वेग आवरला. १९५१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो प्रथम जगज्जेता झाला. १९५२ मध्ये मात्र, उत्तर आयर्लंडमधील एक शर्यत आटोपून, पॅरिसहून रात्रभर गाडी हाकीत तो दुसऱ्या दिवशी इटलीतील मोंझाला पोहोचला आणि थकल्या शरीराने लगेच शर्यतीत उतरला. दुसऱ्याच फेरीत गाडी उलटली, मानेचे हाड मोडले आणि उरलेला हंगाम बुडाला. थकलेल्या शरीराने शर्यतीत उतरायचे नाही, हा दंडक त्याने त्यानंतर स्वतःला घालून घेतला.

१९५४ पासून सलग चार वर्षे अजिंक्यपद त्याच्याकडेच राहिले : पहिल्या वर्षी मासेराती आणि मर्सिडीज, दुसऱ्या वर्षी मर्सिडीज, तिसऱ्या वर्षी फेरारी आणि चौथ्या वर्षी पुन्हा मासेराती. उत्तम गाडी हेरून तो तिच्या कारखान्याशी करार करी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु चार निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांचा स्वभाव ओळखून त्या प्रत्येकाकडून विजय वसूल करणे हे परीक्षकाच्या नजरेखेरीज साधत नाही. १९५६ च्या मोंझातील निर्णायक शर्यतीत त्याची गाडी निकामी झाली, तेव्हा पीटर कॉलिन्स या तरुण सहकाऱ्याने, स्वतःला अजिंक्यपदाची संधी असतानाही, आपली गाडी त्याच्या हवाली केली. असे औदार्य केवळ पथकाच्या हुकमाने मिळत नाही. त्यामागे वडीलधाऱ्याविषयीचा अकृत्रिम आदर असावा लागतो. १९५५ च्या ल मान येथील ऐंशीहून अधिक प्रेक्षकांचा बळी घेणाऱ्या अपघातात, पुढे असलेल्या पिएर लव्हेग या चालकाने मृत्यूच्या क्षणी हात उंचावून दिलेल्या इशाऱ्यामुळे आपण वाचलो, असे तो नेहमी मानीत असे.

या साऱ्या संयमाची सीमा त्याने एकदाच ओलांडली. ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे, जवळजवळ २३ किलोमीटरांच्या वळणावळणाच्या मार्गावर २२ फेऱ्या मारायच्या होत्या. अर्धे इंधन भरून हलक्या गाडीने आघाडी घ्यायची आणि मध्ये थांबून इंधन व टायर घ्यायचे, असा त्याचा बेत होता. पण थांब्यात खोळंबा झाला आणि तो हॉथॉर्न व कॉलिन्स या प्रतिस्पर्ध्यांच्या मागे पाऊण मिनिटाच्या घरात पडला. मग सेहेचाळीस वर्षांच्या त्या चालकाने विक्रमामागून विक्रम मोडण्यास आरंभ केला. आदल्या वर्षी ९ मिनिटे ४१.६ सेकंदांत पुरी केलेली फेरी त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंदांवर आणली, शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही गाठून मागे टाकले आणि चार सेकंदांहूनही कमी अंतराने शर्यत व पाचवे अजिंक्यपद जिंकले. असे सारथ्य आपण पूर्वी कधी केले नव्हते आणि पुन्हा करण्याची इच्छाही नाही, असे त्याने नंतर सांगितले.

त्या उद्गारातच निवृत्तीचा निर्णय दडलेला होता असे मला वाटते. फेब्रुवारी १९५८ मध्ये हवाना येथे शर्यतीच्या तोंडावर कास्त्रोच्या अनुयायांनी त्याचे अपहरण केले आणि शर्यत आटोपल्यावर सुखरूप सोडून दिले. आपल्याला सौजन्याने वागवल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये रॅंस येथे, ज्या शर्यतीत लुइजी मुस्सो हा चालक मरण पावला त्याच शर्यतीत, फांजिओ चौथा आला. विजयी हॉथॉर्नने त्याला एका फेरीने मागे टाकण्याचे आदरपूर्वक टाळले. त्यानंतर तो थांबला. ५१ शर्यतींत २४ विजय हे त्याचे प्रमाण आजही विस्मयकारक आहे, आणि पाच अजिंक्यपदांचा त्याचा विक्रम २००३ मध्ये मिखाएल शूमाखरने मोडेपर्यंत शेहेचाळीस वर्षे अबाधित राहिला. १७ जुलै १९९५ रोजी तो निवर्तला.

शूमाखरनंतर विक्रमांचे दप्तर आणखीही बदलेल, आणि बदलावेच. परंतु ज्या पेशात साहस हाच एकमेव सद्गुण मानला जात होता, तेथे यंत्राविषयीची करुणा, प्रतिस्पर्ध्याविषयीचा आदर आणि स्वतःच्या मर्यादेचे स्पष्ट ज्ञान यांच्या बळावरही सर्वश्रेष्ठ होता येते, हे फांजिओने आपल्या आयुष्याने सिद्ध केले. हातात शक्ती सोपवली गेलेल्या प्रत्येकाने, मग ती शक्ती इंजिनाची असो वा अधिकाराची, अभ्यासावी अशी ही कारकीर्द आहे.