मुलांसाठी मृत्युपत्र आजच लिहा

मुलगी झाली की सुकन्या समृद्धीचं खातं उघडायचं, शिक्षणासाठी एसआयपी लावायची, एवढ्यावर बहुतेक घरांतली तरतूद थांबते. ती हवीच. पण उद्या आपण नसलो तर हा पैसा मुलांच्या उपयोगी पडेल कसा, हे ठरवणारा कागद मात्र तरुण आई-वडिलांच्या कपाटात क्वचितच असतो. समजा, स्वकमाईचा फ्लॅट एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि तो मृत्युपत्र न करता गेला. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे बायको, दोन मुलं आणि त्याची आई यांना प्रत्येकी पाव हिस्सा मिळतो. मुलं अठराच्या आतली असतील तर अर्धं घर अज्ञान मुलांचं झालं. त्यांचा हिस्सा विकायचा किंवा गहाण ठेवायचा तर आईलाही न्यायालयाची परवानगी काढावी लागते. ही अट मुलांच्या हितासाठीच आहे, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण कर्जाचे हप्ते आणि शाळेची फी त्या परवानगीसाठी थांबत नाहीत. बायकोवर भरवसा असेल तर घर मृत्युपत्राने तिच्या नावे करता येतं. मुलांचा वाटा वेगळा राखायचा असेल, तर तो कोणी सांभाळायचा आणि कशावर खर्चायचा, हेही लिहिता येतं.

‘नॉमिनी लावलाय की!’ हे उत्तर हमखास मिळतं. पण बँकेतला किंवा सोसायटीतला नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने ताबा घेतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र अशुभ वाटतं, म्हातारपणी बघू म्हणतात. पण त्याची खरी गरज मुलं लहान असतानाच असते. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनीही सही केली की पुरे. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, असे साक्षीदार घेतलेले बरे.

पैशाहून मोठा प्रश्न मुलांना सांभाळणार कोण, हा आहे. ‘काका-मामा आहेत की’ एवढ्यावर तो सोडू नये, कारण दोघंही हक्क सांगू लागले तर निर्णय न्यायालयात जातो आणि तोवर मूल टांगणीला लागतं. हिंदू कायद्यात मृत्युपत्राने पालक नेमता येतो. मात्र वडिलांनी नेमलेला पालक आई हयात असेपर्यंत लागू होत नाही, आणि पुढे आईने स्वतः कोणाला नेमलं असेल तर तिचीच निवड चालते. म्हणून दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं आणि दोन्हींत एकच नाव घालावं. त्या व्यक्तीला आधी विचारा, आणि कागद कुठे ठेवलाय तेही सांगून ठेवा.