लस टोचली, तरी साथ आलीच कशी?

२०२२ च्या जानेवारीत एके दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा परगावी वसतिगृहात राहून शिकत होता. "फादर, पोराला दोन दोन लशी टोचून झाल्या की हो! तरी कोरोना झाला म्हणून हॉस्टेलातच ठेवून घेतलंय त्याला. मग लशीचा उपयोग तरी काय झाला? आज जीप घेऊन जातो नि घरी आणतो."

त्यांचा प्रश्न रास्त होता. ती साथ आता ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीरही केले. तथापि विषाणू नाहीसा झालेला नाही, आणि आपली मुले आजही वसतिगृहांत राहतात. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विचार करू.

आम्हां बेळगावकडील मंडळींना धारवाड काही दूर नाही. तेथील सत्तूरच्या एस. डी. एम. वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात १७ नोव्हेंबर २०२१ रोजी एक समारंभ झाला. त्यानंतर आठवड्याभराने केलेल्या तपासणीत प्रथम ६६ जण बाधित निघाले. दुसऱ्या दिवशी तो आकडा १८२ वर गेला, तिसऱ्या दिवशी २८१ वर, आणि अखेरीस तीनशेच्या पलीकडे. यांतील बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. त्यातून ही मुले वैद्यकशास्त्राचीच! परंतु पुढची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे: बहुतेकांना एक तर काहीच त्रास नव्हता, किंवा असला तरी तो सौम्य होता.

आकडा असा भराभर चढला म्हणजे रोग एका रात्रीत पसरला, असे वाचकांनी समजू नये. तो आधीच आत शिरलेला होता. धडधाकट दिसणाऱ्यांचीही तपासणी होऊ लागली तेव्हा तो दिसू लागला. वसतिगृहे बंद करून बाधितांना तेथेच वेगळे ठेवण्यात आले आणि विषाणूचे नमुने त्याची जात ओळखण्यासाठी पाठविले गेले. ते आवश्यकच होते, कारण २६ नोव्हेंबर रोजीच जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या एका नव्या रूपाला 'ओमिक्रॉन' असे नाव दिले होते.

त्या नव्या रूपाने पुढे काय केले, ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात दिसून आले. तेथे शंभरांतील ९७ जणांनी लस घेतलेली होती. तरीही ७ ते १३ डिसेंबर २०२१ या एका आठवड्यात ९०३ विद्यार्थी बाधित झाले. विद्यापीठाने ग्रंथालये बंद केली, पदवीचा समारंभ रद्द केला, उरलेल्या परीक्षा दूरस्थ पद्धतीने घेतल्या. मात्र बाधित विद्यार्थ्यांपैकी कोणी गंभीर आजारी झाल्याचे आढळले नाही, असे विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्या वेळी सांगितले.

याचे कारण असे. दंडात टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे तयार करते. नाकाघशाच्या आतील ओल्या अस्तरावर, जेथे विषाणू प्रथम उतरतो, तेथे त्यांचा पहारा विरळ असतो. काही महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडेही घटत जातात. शिवाय विषाणूने आपले बाह्य रूप पालटले, की जुनी ओळख अपुरी पडते. म्हणून तो शिरकाव करतो, इतरांकडेही जातो. परंतु शरीरातील काही पेशींना लशीने दिलेली आठवण टिकून असते. त्या जाग्या होतात आणि रोगाला फुप्फुसात खोलवर जाण्यापूर्वी बहुधा अडवितात. एका खोलीत तीन-चार खाटा, एकच भोजनगृह, थंडीमुळे बंद केलेल्या खिडक्या. अशा जागी विषाणूला आणखी काय हवे?

तपासणीचा एक प्रकार ऐकून आमच्या गावातील मंडळींना हसू येईल. ऑगस्ट २०२० मध्ये, लस येण्यापूर्वी, अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाने वसतिगृहांचे सांडपाणी तपासले. एका इमारतीच्या पाण्यात विषाणूचा अंश सापडताच तेथील ३११ जणांची चाचणी झाली, आणि काहीही लक्षणे नसलेले दोघे बाधित निघाले. त्या दोघांना वेळीच वेगळे करता आले. लस घेतलेल्यांच्या वसतिगृहात तर ही युक्ती अधिकच मोलाची, कारण ज्याला खोकला नाही तो तपासणीला आपण होऊन कशाला जाईल?

आम्ही त्या गृहस्थांना विचारले, "घरी आई कशा आहेत?" त्या ऐंशीच्या घरातल्या. दम्याचा विकार, आणि लशीचा एकच डोस झालेला. गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मुलगा तरुण, लस घेतलेला, अंगात थोडा ताप, इतकेच. जीपमधून तो घरी आला असता तर सोबत काय आले असते, हे त्यांना आम्हांला सांगावे लागले नाही. वसतिगृहात जेवण मिळते की नाही, दिवसातून दोनदा ताप पाहिला जातो की नाही, आणि दम लागल्यास रुग्णालयात कोण नेणार, या तीन गोष्टी फोन करून विचारून घ्या, एवढे मात्र आम्ही त्यांना बजावले.

त्यांनी तसे केले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मुलगा सात दिवस वेगळा राहिला. आजीचा दुसरा डोस त्याच महिन्यात झाला.