‘लागणे’ : एका क्रियापदाचा संसार

नागपूरहून हावड्याच्या लोहमार्गाने पूर्वेकडे निघाले, की राजनांदगाव मागे पडल्यावर आणि दुर्ग येण्यापूर्वी रसमडा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. दुर्गच्या पुढे भिलाई, म्हणजे पोलादाची नगरी. या वाक्यात मी सहज म्हणून गेलो, ‘स्थानक लागते’. प्रवास करतो तो आपण. गाव तर जागचे हलत नाही. तरीही मराठी वाक्यात कर्तेपण मिळाले ते गावाला! आज या ‘लागणे’ क्रियापदाविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

त्याच स्थानकावर उभे राहून हा शब्द ऐकावा. ‘गाडी लागली’ म्हणजे ती फलाटाशी येऊन उभी राहिली. ‘मला गाडी लागते’ असे कोणी म्हटले, तर त्याला प्रवासात मळमळते असे समजावे. आणि ‘तिकडे जायला गाडी लागते’ याचा अर्थ, गाडीवाचून तेथे पोचता येत नाही. शब्द तेच दोन. पण एकदा आगमन, एकदा व्याधी आणि एकदा गरज.

इतके अर्थ एका शब्दात आले कोठून? संस्कृतात ‘लग्’ धातूचा अर्थ चिकटणे, बिलगणे. ‘लग्न’ हा शब्द त्याचाच. पूर्वक्षितिजाला जी रास टेकते ती लग्नरास. तिच्यावरून मुहूर्त आणि मुहूर्तावरून विवाह. प्राकृतात ‘लग्ग’ झाले आणि मराठीने त्यातले जोडाक्षर सोडून स्वर दीर्घ केला : ‘लाग’. मूळचा अर्थ स्पर्शाचा आहे, हे एकदा ध्यानी धरले म्हणजे पुढचा पसारा उलगडत जातो. दगड पायाला लागतो. बोललेला शब्द मनाला लागतो. भूक, तहान, ओढ, वेड ही जणू बाहेरून येऊन माणसाला बिलगतात. डोळा लागला तर झोप. डोळे लागले तर कोणाची तरी वाट पाहणे. कामाला पैसे लागतात, वेळ लागतो. मूल बोलू लागते, तेव्हा हाच शब्द आरंभ दाखवितो. ‘मला जावे लागते’ म्हणताना तोच सक्ती दाखवितो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत या क्रियापदाखाली अर्थांची लांब मालिका दिलेली आहे, ती उगीच नव्हे.

आता रसमड्याच्या परिसरातील छत्तीसगढी पाहा. हिंदीत ‘लगना’ ऱ्हस्व आहे. छत्तीसगढीत मात्र मराठीसारखाच दीर्घ स्वर टिकून आहे. ‘भूख लागथे’ हे मराठी कानाला परके वाटत नाही. वडीलधाऱ्यांना वंदन करताना तेथे ‘पायलागी’ म्हणतात. आपणही पाया लागतोच. भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणसे या मुलखात नांदत आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यात होते. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, आणि कामाच्या निमित्ताने आणखी मराठी घरे तेथे आली.

अशा घरांत या शब्दाची एक गंमत होते, आणि ती निव्वळ गंमतही नसते. हिंदीत ‘मुझे लगा’ म्हणजे मला वाटले. शाळेतून येणारे मूल ते वाक्य तसेच उचलून घरी म्हणते, ‘आई, मला लागलं...’ आणि आई धावत येऊन त्याचा गुडघा पाहू लागते! मुलाला सांगायचे असते एवढेच, की आज सुट्टी असेल असे त्याला वाटले होते. मराठीत जे मनाला येते ते ‘वाटते’ आणि जे येऊन आदळते ते ‘लागते’. हा भेद हिंदीच्या ‘लगना’त मिटलेला आहे. मुलाला हसू नये. ते दोन भाषांत एकाच वेळी राहते आहे. मात्र ‘वाटणे’ घरातून नाहीसे झाले, तर एक शब्दच केवळ जाणार नाही, एक भेद ओळखण्याची सवय जाईल. दोन्ही भाषा नीट येणे हाच त्यावरचा उपाय होय. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणले. हिंदीचे झाल्याने त्यांची मराठी उणी झाली नाही.

या क्रियापदाचा एक अर्थ मी शेवटासाठी राखून ठेवला आहे. ‘हा तुमचा कोण लागतो?’ असे आपण विचारतो. सख्ख्या भावाला आपण ‘भाऊ आहे’ म्हणतो. दूरचा मामा मात्र ‘मामा लागतो’. नाते म्हणजेही एक स्पर्शच, असे मराठीने मानले आहे. छत्तीसगढी आणि हिंदीही तेच मानतात. तेव्हा या भाषा एकमेकींच्या कोण लागतात, हे निराळे सांगावयास नको. शब्दांचा अर्थ लागतो तो असा, एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर.