जमिनीतले मीठ कसे मोजावे

भंडाऱ्यात खाऱ्या जमिनीविषयी बोलायचे म्हणजे कोकणचा विषय वैनगंगेकाठी आणल्यासारखे वाटेल. आपल्याकडे समुद्र नाही, आणि मातीतले मीठ पाऊस बहुतांशी धुऊन नेतो. पण जमीन खारावण्यास समुद्रच लागतो असे नाही, कालवाही पुरतो.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पंचवीस वर्षांनी, १९१० साली, डॉ. हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांना त्याच खोऱ्यातील खारट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पाणी भरपूर दिले, निचऱ्याकडे पाहिले नाही, की भूजल वर येते. दिव्याची वात तेल ओढते तशी माती ते पाणी ओढते. ऊन पाणी नेते, मीठ वरच ठेवते.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे घरोघर ठाऊक आहे. मुळांभोवती मीठ साचले की त्यांनाही पाणी ओढणे जड जाते. बांधीत ओल असून धान तहानलेले!

मोजण्याची युक्ती सोपी आहे. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते, खारट पाण्यातून सहज. म्हणून माती शुद्ध पाण्यात कालवून लगदा करतात, त्याचे पाणी गाळून घेतात आणि त्याची वीजवाहकता मोजतात. माप डेसिसीमेन्स प्रति मीटर. आपण नुसता ‘अंक’ म्हणू. समुद्राच्या पाण्याचा अंक सुमारे ५०. जमिनीचा ४ च्या वर गेला की ती खारवट. धान त्याहून नाजूक: ३ पर्यंत सोसते, पुढे दर अंकामागे सुमारे १२ टक्के उत्पन्न घटते. अंक ६ झाला, तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पीक गेले. तोवर जमिनीवर पांढरे फूल दिसेलच असे नाही. शेतकरी बिचारा बियाण्याला दोष देतो आणि खत वाढवतो. रासायनिक खत हेही बहुधा एक मीठच!

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालतात. तो अंक कमी येतो. तेथे १ च्या आत असला तर चिंता नाही. दोन्ही रीतींचे अंक एकमेकांशी ताडू नयेत.

गोसीखुर्दचा कालवा ज्या गावी पोचला, तेथे जमीन आज गोड असेल. म्हणूनच आजचा अंक वहीत टिपून ठेवावा. नमुना पावसाळ्यापूर्वी, उन्हाने मीठ वर आलेले असताना घ्यावा. सखल बांधीतला वेगळा, वरचा थर आणि हातभर खालची माती वेगळी. आणि विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल आहे तेही लिहावे. ते दीड-दोन मीटरांच्या आत आले असेल, तर आधी निचऱ्याचा चर खणावा.